वैमानिकी घड्याळ : इतिहास, निवड आणि खरेदीचा हिशेब

आजच्या प्रवासी विमानात वेळ दाखवण्याचे काम उपग्रहांशी जोडलेली उपकरणे करतात. वैमानिकाच्या मनगटावरील घड्याळ उड्डाणादरम्यान बंद पडले, तरी विमानाच्या मार्गात तसूभरही फरक पडत नाही. असे असूनही ‘पायलट वॉच’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उंची मनगटी घड्याळांना जगभर मागणी आहे आणि भारतातील मोठ्या शहरांच्या दालनांतही ती आता सहज पाहायला मिळतात. ती विकत घेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी विमान कधी चालवलेले नसते आणि पुढेही चालवायचे नसते.

मग लाखो रुपये मोजून ग्राहक नेमके काय विकत घेतो? याचे उत्तर या घड्याळांच्या घडणीत आहे. त्यांची काळी तबकडी, ठसठशीत आकडे, कांद्याच्या आकाराची मोठी चावी, लांब पट्टा यांपैकी एकही गोष्ट मुळात शोभेसाठी आलेली नाही. प्रत्येकीमागे उड्डाणातील एखादी निकड होती. ती निकड कोणती होती आणि आपल्या दैनंदिन जीवनात तिचा कितपत उपयोग आहे, हे ज्याला ठाऊक असते, तो ग्राहक विक्रेत्याच्या वर्णनाने भारावून जात नाही. त्यामुळे खरेदीच्या विचाराची सुरुवात किमतीच्या पत्रकापासून न करता इतिहासापासून करणे श्रेयस्कर ठरते.

खिशातून मनगटावर

विसाव्या शतकाच्या आरंभी पुरुष खिशातील साखळीचे घड्याळ वापरत. ब्राझीलचे विमानविद्येतील अग्रणी आल्बेर्तो सांतोस-द्युमाँ यांना विमान हाताळताना खिशात हात घालून वेळ पाहणे गैरसोयीचे होई. त्यांच्या या अडचणीवर पॅरिसचे जवाहीर लुई कार्तिए यांनी १९०४ मध्ये चामड्याच्या पट्ट्याचे चौकोनी मनगटी घड्याळ घडवून तोड काढली. १९११ पासून ते सर्वसामान्य ग्राहकांनाही मिळू लागले आणि ‘सांतोस’ या नावाने आजही विकले जाते. २५ जुलै १९०९ रोजी लुई ब्लेरिओ यांनी विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली, तेव्हा त्यांच्या हातावर झेनिथ या स्विस कंपनीचे घड्याळ होते.

त्या काळी वैमानिकाकडे दिशा दाखवणारे होकायंत्र, वेग दाखवणारे उपकरण आणि घड्याळ एवढीच साधने असत. वेग आणि गेलेला वेळ यांच्या गुणाकारातून कापलेले अंतर काढायचे, दिशेनुसार ते नकाशावर मांडायचे आणि आपण कोठे आहोत याचा अंदाज बांधायचा, ही मार्गनिर्णयाची रीत होती. ताशी २४० किलोमीटर वेगाने जाणारे विमान एका मिनिटात चार किलोमीटर अंतर कापते. म्हणजे वेळ वाचण्यात एका मिनिटाची चूक झाली, तर नकाशावरील स्थान चार किलोमीटरने चुकणार. ढगांखाली डोंगर असतील किंवा इंधन संपत आले असेल, तर एवढी चूक जिवावर बेतू शकत असे.

समुद्रावरून उडताना सूर्य आणि तारे यांच्या साहाय्याने रेखांश काढावा लागे. पृथ्वी एका तासात १५ अंश फिरते. या हिशेबाने विषुववृत्तावर एका सेकंदाची चूक म्हणजे सुमारे ४६० मीटरची चूक होय. घड्याळ अर्धा मिनिट मागे असेल, तर स्थान जवळजवळ १४ किलोमीटरने ढळते. म्हणूनच अमेरिकी नौदलातील मार्गनिर्णयतज्ज्ञ फिलिप व्हॅन हॉर्न वीम्स यांनी रेडिओवरील वेळेच्या संकेताशी सेकंदाचा मेळ घालता येईल अशी रचना सुचवली. १९२७ मध्ये न्यूयॉर्क ते पॅरिस हे साडेतेहतीस तासांचे उड्डाण एकट्याने करणारे चार्ल्स लिंडबर्ग यांनी तिच्या आधारे रेखांश काढण्यास उपयोगी पडणाऱ्या घड्याळाची कल्पना मांडली. लाँजिन कंपनीने ते १९३१ मध्ये तयार केले.

दुसऱ्या महायुद्धाने ठरवलेले रूप

वैमानिकी घड्याळाचे जे रूप आज सर्वांच्या परिचयाचे आहे, ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात निश्चित झाले. जर्मन हवाई दलाने आपल्या विमानांतील मार्गदर्शकांसाठी जी घड्याळे मागवली, त्यांचा व्यास ५५ मिलिमीटर होता. जाड उड्डाणकोटाच्या बाहीवर बांधता यावे म्हणून पट्टा लांब ठेवलेला होता. हातमोजे न काढता फिरवता यावी म्हणून चावी कांद्यासारखी फुगीर होती. बारा या आकड्याच्या जागी एक त्रिकोण आणि दोन ठिपके असत. घड्याळ कसेही धरले, तरी वरची बाजू क्षणात कळावी, एवढाच त्यांचा हेतू होता. आयडब्ल्यूसी, ए. लांगे उंड झोने, लाको, स्टोवा आणि वेम्पे या पाच कंपन्यांनी ही घड्याळे पुरवली.

या घड्याळांच्या तबकडीचे दोन प्रकार झाले. ‘ए’ प्रकारात नेहमीप्रमाणे तासांचे आकडे असतात. १९४१ मध्ये आलेल्या ‘बी’ प्रकारात बाहेरच्या कडेला मिनिटांचे ५ ते ५५ आकडे आणि आतल्या छोट्या वर्तुळात तास असतात, कारण मार्गदर्शकाला तासापेक्षा मिनिटे व सेकंद अधिक महत्त्वाचे वाटत. आज दोन्ही प्रकार मिळतात. ‘बी’ प्रकारची तबकडी दिसायला अधिक आकर्षक असली, तरी तिच्यावर वेळ वाचण्याची सवय व्हायला काही दिवस जातात. ही घड्याळे नाझी जर्मनीच्या युद्धसामग्रीचा भाग होती, हेही ग्राहकाला माहीत असावे. तटस्थ स्वित्झर्लंडमधील आयडब्ल्यूसी कंपनीने त्याच युद्धात ब्रिटिश सैन्यालाही घड्याळे पुरवली होती.

युद्धानंतर ब्रिटिश हवाई दलासाठी आयडब्ल्यूसी आणि जेजर-लकूल्त्र यांनी ‘मार्क ११’ हे घड्याळ बनवले. आकाराने लहान, तबकडीवर एकही अनावश्यक खूण नाही आणि विमानातील विद्युत उपकरणांच्या चुंबकत्वापासून यंत्रणेचा बचाव करण्यासाठी आत मृदू लोखंडाचे आवरण, अशी त्याची रचना होती. १९४९ पासून १९८१ पर्यंत ते सेवेत राहिले. आयडब्ल्यूसीची आजची ‘मार्क’ मालिका त्याच घराण्यातली आहे.

भारतीय वाचकांना या घराण्यातील एक साधा सदस्य चांगलाच ओळखीचा असेल. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये घड्याळनिर्मिती सुरू करणाऱ्या एचएमटी या सार्वजनिक कंपनीचे ‘पायलट’ हे चावीचे घड्याळ काळ्या तबकडीचे आणि ठळक आकड्यांचे होते. ते उंची घड्याळांत मोडत नव्हते, पण वैमानिकी घड्याळाचा मूळ गुण, म्हणजे पाहताक्षणी वेळ कळणे, त्यात पुरेपूर होता. एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला. अलीकडे बेंगळुरू वॉच कंपनीने भारतीय हवाई दलाच्या मिग-२१ विमानापासून प्रेरणा घेऊन ‘माक १’ ही मालिका काढली आहे.

चार प्रमुख प्रकार

बाजारात वैमानिकी म्हणून मिळणारी घड्याळे स्थूलमानाने चार प्रकारची असतात. आपल्याला यांपैकी काय हवे, हे ठरले की निम्मी निवड झालीच.

पहिला प्रकार केवळ तास, मिनिटे, सेकंद आणि फार तर तारीख दाखवणाऱ्या साध्या घड्याळांचा. आयडब्ल्यूसीचे ‘मार्क २०’ आणि ‘बिग पायलट’, तसेच लाको आणि स्टोवा यांची घड्याळे या प्रकारात येतात. रोजच्या वापराला हा प्रकार सर्वांत सोयीचा आणि देखभालीला सर्वांत स्वस्त.

दुसरा प्रकार क्रोनोग्राफचा, म्हणजे गेलेला वेळ स्वतंत्रपणे मोजणाऱ्या घड्याळांचा. साध्या क्रोनोग्राफमध्ये थांबवणे, शून्यावर आणणे आणि पुन्हा सुरू करणे यांसाठी तीन वेळा कळ दाबावी लागते. विमानाने दिशा बदलली की लगेच नवी मोजणी सुरू करायची असल्याने वैमानिकासाठी एकाच दाबात हे तिन्ही करणारी ‘फ्लायबॅक’ रचना आली. १९५० च्या दशकात फ्रेंच हवाई दलाने मागवलेली ‘टाइप २०’ घड्याळे या वर्गातली होती आणि ब्रेगे कंपनी त्या परंपरेतील घड्याळे आजही बनवते. ही रचना सुंदर आहे, पण गुंतागुंतीचीही आहे. ज्याला वेळ मोजण्याची गरज क्वचितच पडते, त्याने तिच्यासाठी जादा पैसे मोजण्यापूर्वी विचार करावा.

तिसरा प्रकार गणनपट्टी असलेल्या घड्याळांचा. ब्राइटलिंगचे १९५२ मधील ‘नॅव्हिटायमर’ हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. काचेभोवतीची कडी फिरवून त्यावर गुणाकार, भागाकार, इंधनाचा वापर आणि वेग काढता येतो. बाहेरच्या कडीवरील १८ हा आकडा आतील १० समोर आणला, तर आतील २५ समोर बाहेर ४५ दिसतात. अडीच लाखांवर १८ टक्क्यांनी ४५ हजार रुपये कर होतो, हे उत्तर अशा प्रकारे कागदावाचून मिळते. दशांश चिन्ह कोठे द्यायचे, हे मात्र वापरणाऱ्याने ठरवायचे असते. या सोयीची किंमत म्हणजे आकड्यांनी गजबजलेली तबकडी. ज्यांची जवळची नजर कमजोर झाली आहे, त्यांनी हे घड्याळ चष्म्याविना वाचून पाहावे.

चौथा प्रकार दोन ठिकाणच्या वेळा दाखवणाऱ्या घड्याळांचा. पॅन अमेरिकन या विमानकंपनीच्या वैमानिकांसाठी रोलेक्सने १९५५ मध्ये ‘जीएमटी-मास्टर’ आणले. त्यात चोवीस तासांत एक फेरी घेणारा जादा काटा आहे. लाँजिनच्या ‘स्पिरिट झुलू टाइम’चे नावही वैमानिकांच्या भाषेतूनच आले आहे, कारण विमानवाहतुकीत जागतिक प्रमाणवेळेला ‘झुलू’ म्हणतात.

या चौथ्या प्रकाराबाबत भारतीय ग्राहकाने एक गोष्ट दुकानातच तपासावी. भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. जादा काटा पूर्ण तासांच्या टप्प्यांनी सरकतो आणि मिनिटकाटा दोन्ही वेळांसाठी एकच असतो. त्यामुळे मनगटावर भारतीय वेळ असताना दुबई, सिंगापूर, लंडन किंवा न्यूयॉर्क येथील वेळ वाचायची, तर अर्ध्या तासाचा फरक मनातच करावा लागतो. युरोपीय प्रवाशाला जी सोय सहज मिळते, ती येथे अर्धवट मिळते. जगातील चोवीस शहरांची नावे कडीवर असणाऱ्या पारंपरिक घड्याळांतही भारतीय वेळेला अनेकदा स्थान नसते. परदेशातील आप्तांशी किंवा कार्यालयाशी रोज संपर्क असणाऱ्यांनी हा फरक गृहीत धरूनच निर्णय घ्यावा.

आकार आणि तबकडी

आकाराच्या बाबतीत सर्वाधिक खरेदीदार फसतात. वैमानिकी घड्याळात काचेभोवतीची कडी अरुंद आणि तबकडी प्रशस्त असते. परिणामी ४० मिलिमीटर व्यासाचे वैमानिकी घड्याळ त्याच व्यासाच्या पाणबुड्याच्या घड्याळापेक्षा मोठे दिसते. कोटावर बांधायचे ५५ मिलिमीटरचे घड्याळ आज कोणी वापरत नाही, पण त्याच्या आठवणीने बनवलेली ४६ मिलिमीटरची घड्याळे बाजारात आहेत आणि मध्यम मनगटावर ती अवजड होतात. मनगटाचा घेर १६ ते १७ सेंटिमीटर असेल, तर ३८ ते ४१ मिलिमीटर हा सुरक्षित पल्ला समजावा.

व्यासापेक्षाही महत्त्वाचे माप म्हणजे पट्टा जिथे जोडला जातो त्या दोन टोकांमधील उभे अंतर. ही टोके मनगटाच्या कडेबाहेर गेली, तर घड्याळ कितीही मौल्यवान असले तरी उसने घेतल्यासारखे दिसते. दालनात घड्याळ बांधून मनगट मागे वाकवून पाहावे. मोठी चावी हाताच्या पाठीत रुतत असेल, तर ती बोच रोजची होणार. पूर्ण बाहीचा सदरा घालणाऱ्यांनी बाहीचे बटण लावून घड्याळ आत सरकते का, हेही पाहावे.

तबकडीची परीक्षा दालनातील झगमगत्या दिव्यांखाली होत नाही. घड्याळ खिडकीपाशी न्यावे, हात लांब करून क्षणभर पाहावे आणि नजर वळवावी. तेवढ्यात वेळ कळली नसेल, तर ते घड्याळ वैमानिकी म्हणवण्यास पात्र नाही. काचेवर उजेडाची तिरीप पडून काटे दिसेनासे होत असतील, तर परावर्तनरोधी लेप पुरेसा नाही. तास आणि मिनिटाचे काटे लांबीने व रूपाने सहज वेगळे ओळखू आले पाहिजेत.

अंधारात चमकणाऱ्या लेपाला आपल्याकडे सरसकट ‘रेडियम’ म्हणतात. जुन्या लष्करी घड्याळांत खरोखरच किरणोत्सर्गी रेडियम वापरलेले असे. आजच्या घड्याळांतील लेप किरणोत्सर्गी नसतो. तो उजेड शोषून घेतो आणि काही तास चमकतो. महायुद्धकालीन अस्सल घड्याळ संग्रहासाठी घेणाऱ्याने मात्र ते स्वतः कधीही उघडू नये.

यंत्रणेचा विचार

उंची वैमानिकी घड्याळे बहुतांशी यांत्रिक असतात. त्यांत बॅटरी नसते. चावी दिल्याने किंवा हाताच्या हालचालीने स्प्रिंग गुंडाळली जाते आणि तिच्या ताकदीवर चाके फिरतात. येथे एक वस्तुस्थिती स्पष्टपणे सांगितली पाहिजे. अचूकतेत काही हजार रुपयांचे क्वार्ट्झ घड्याळ लाखांच्या यांत्रिक घड्याळाला सहज मागे टाकते. साधे क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला साधारण १५ सेकंद चुकते. स्वित्झर्लंडच्या ‘सीओएससी’ या अधिकृत संस्थेचे प्रमाणपत्र मिळवणाऱ्या यांत्रिक यंत्रणेला १५ दिवस, पाच स्थितींत आणि तीन तापमानांत तपासले जाते आणि तिने दिवसाला सरासरी चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे या मर्यादेत राहणे अपेक्षित असते. म्हणजे प्रमाणित घड्याळही महिन्याला तीन मिनिटांपर्यंत पुढे जाऊ शकते. यांत्रिक घड्याळ घेणारा अचूकतेसाठी नव्हे, तर कारागिरीसाठी पैसे देतो. हे मान्य नसेल, तर क्वार्ट्झ किंवा उपग्रहाशी जोडलेले घड्याळ घेणे अधिक शहाणपणाचे. प्रत्यक्ष विमान चालवणारे अनेक जण तेच करतात.

एकदा चावी भरल्यावर घड्याळ किती वेळ चालते, हा प्रश्न व्यवहारात महत्त्वाचा ठरतो. सुमारे ४० तास चालणारे घड्याळ शुक्रवारी संध्याकाळी काढून ठेवले, तर रविवारी बंद पडते. ब्राइटलिंगची ‘बी०१’ यंत्रणा सुमारे ७० तास चालते आणि सोमवारी सकाळी घड्याळ चालू सापडते. आयडब्ल्यूसीच्या ‘मार्क २०’ची क्षमता १२० तासांची आहे.

कंपनीने स्वतः बनवलेली यंत्रणा श्रेष्ठ आणि बाहेरून घेतलेली कनिष्ठ, असा समज जाहिरातींनी रूढ केला आहे. वास्तव इतके सरळ नाही. ईटीए आणि सेलिता या स्विस कंपन्यांच्या यंत्रणा अनेक नामांकित घड्याळांत असतात. त्यांचे सुटे भाग उपलब्ध असतात आणि कोणताही प्रशिक्षित घड्याळजी त्या दुरुस्त करू शकतो. कंपनीच्या खास यंत्रणेसाठी बहुधा कंपनीच्याच सेवा केंद्राकडे जावे लागते. महानगरापासून दूर राहणाऱ्या ग्राहकाने हा मुद्दा अवश्य ध्यानात घ्यावा.

चुंबकत्व, पाणी आणि आपली हवा

मार्क ११ मधील लोखंडी आवरण ज्या शत्रूसाठी होते, तो आज घराघरांत आहे. मोबाइलचे चुंबकीय आवरण, ध्वनिक्षेपक, टॅबलेटचे झाकण, पर्सची चुंबकीय कडी यांच्या सान्निध्याने यांत्रिक घड्याळाची नाजूक केसस्प्रिंग चुंबकित होते आणि घड्याळ दिवसाला काही मिनिटे पुढे धावू लागते. हा बिघाड नव्हे. घड्याळजी तो विचुंबकन यंत्राने काही क्षणांत दूर करतो. तरीही निवड करताना चुंबकत्वापासून किती संरक्षण आहे, हे विचारावे. जर्मनीत २०१६ मध्ये वैमानिकी घड्याळांसाठी ‘डीआयएन ८३३०’ हे स्वतंत्र मानक प्रसिद्ध झाले. सुवाच्यता, दाब व तापमानातील बदल सोसण्याची क्षमता आणि विमानातील उपकरणांना बाधा न आणणे यांसारख्या कसोट्या त्यात आहेत. केवळ रूप वैमानिकी आहे की गुणही, हे ओळखण्यास असे प्रमाणपत्र साहाय्यक ठरते.

पाण्याबाबत वैमानिकी घड्याळे फारशी कणखर नसतात, कारण ती पाण्यासाठी जन्मलेलीच नाहीत. ‘३० मीटर’ असे लिहिलेले असले, तरी त्याचा अर्थ ३० मीटर खोल पाण्यात नेता येते असा नव्हे. हात धुताना उडालेले थेंब सोसणे, एवढीच त्याची मर्यादा. नॅव्हिटायमर याच वर्गात येते. पोहण्यासाठी किमान १०० मीटरचे घड्याळ लागते.

पट्ट्याचा प्रश्न आपल्या हवामानात विशेष गंभीर असतो. रिव्हेट ठोकलेला चामड्याचा पट्टा ही वैमानिकी घड्याळाची ओळख असली, तरी कोकण, गोवा, मुंबई, चेन्नई किंवा कोलकाता येथील दमट हवेत घाम मुरून तो लवकर कुजतो आणि त्याला दर्प येतो. पावसाळ्यासाठी रबराचा, नायलॉनचा किंवा पोलादी पट्टा सोबतच घ्यावा आणि तो सहज बदलता येतो का, हे पाहावे.

किंमत आणि कर

हॅमिल्टन आणि लाको यांसारख्या कंपन्यांची यांत्रिक वैमानिकी घड्याळे लाखाच्या आगेमागे मिळतात. आयडब्ल्यूसीची मार्क मालिका पाच लाखांच्या पुढे जाते. ब्राइटलिंगच्या स्वनिर्मित यंत्रणेची नॅव्हिटायमर आणि आयडब्ल्यूसीची बिग पायलट यांच्या किमती त्याहून बऱ्याच अधिक असतात. कंपन्या वर्षातून एकदा किंवा अनेकदा दर बदलतात, म्हणून खरेदीच्या दिवशीचा दर अधिकृत दालनातून लेखी घ्यावा.

मनगटी घड्याळांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. तो छापील किमतीत समाविष्ट असतो. आयात घड्याळांवरील मूळ सीमाशुल्क २०१८ च्या अर्थसंकल्पात १० टक्क्यांवरून २० टक्के करण्यात आले होते. स्वित्झर्लंडचा समावेश असलेल्या युरोपीय मुक्त व्यापार संघटनेशी भारताने १० मार्च २०२४ रोजी केलेला करार १ ऑक्टोबर २०२५ पासून अमलात आला असून, स्विस घड्याळांवरील सीमाशुल्क त्यानुसार टप्प्याटप्प्याने कमी होणार आहे. शुल्ककपातीचा लाभ किमतीत किती उतरेल, हे मात्र कंपन्यांच्या धोरणावर अवलंबून राहील.

२२ एप्रिल २०२५ पासून १० लाख रुपयांहून अधिक किमतीच्या मनगटी घड्याळावर विक्रेत्याला एक टक्का कर उगमस्थानी गोळा करावा लागतो. १२ लाखांच्या घड्याळावर तो १२ हजार रुपये होतो. हा जादा खर्च नव्हे. प्राप्तिकर विवरणपत्रात त्याची वजावट मिळते, पण त्यासाठी पॅन योग्य नोंदवलेला हवा. दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास कायद्याने मनाई आहे. रोखीत मोठी सूट देऊ करणारा विक्रेता ग्राहकालाही अडचणीत आणत असतो.

परदेशात खरेदी केल्यास तेथील कराचा परतावा मिळतो आणि घड्याळ स्वस्त पडल्यासारखे वाटते. परंतु भारतात परतताना शुल्कमुक्त सामानाच्या मर्यादेपलीकडील वस्तू सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडे जाहीर करणे बंधनकारक आहे. उंची घड्याळ या मर्यादेत बसत नाही आणि ते मनगटावर बांधल्याने त्याची सुटकाही होत नाही. शुल्क धरून हिशेब केला, तर परदेशातील स्वस्ताई अनेकदा नाहीशी होते. याउलट, भारतात घेतलेले महागडे घड्याळ परदेशी नेताना निघण्यापूर्वी विमानतळावर सीमाशुल्क विभागाकडून त्याची नोंद करून प्रमाणपत्र घेतल्यास परतीच्या वेळी प्रश्न उद्भवत नाही.

नवे, जुने आणि नकली

नवे घड्याळ अधिकृत विक्रेत्याकडून घेणे सर्वांत निर्धोक. दालन अधिकृत आहे की नाही, याची खात्री कंपनीच्या स्वतःच्या यादीवरून करावी. घड्याळावरील क्रमांक, वॉरंटी कार्डावरील क्रमांक आणि बिलावरील क्रमांक एकच असावेत. कार्डावर खरेदीची तारीख आणि विक्रेत्याची नोंद असल्याशिवाय दालन सोडू नये. रोलेक्स पाच वर्षांची हमी देते. आयडब्ल्यूसीच्या दोन वर्षांच्या हमीची मुदत घड्याळाची नोंदणी केल्यास आठ वर्षांपर्यंत वाढते. ही नोंदणी विसरणारे ग्राहक हक्काची सहा वर्षे गमावतात.

अधिकृत साखळीबाहेरील विक्रेते तेच घड्याळ कमी दराने देतात. माल अस्सल असू शकतो, पण हमी कंपनीची आहे की दुकानाची, हे स्पष्ट करून घ्यावे. दुकानाची हमी दुकान असेपर्यंतच टिकते.

वापरलेले घड्याळ विचारपूर्वक घेतले, तर पैसे वाचतात. मूळ पेटी, कागदपत्रे आणि देखभालीच्या पावत्या मागाव्यात. केस वारंवार घासून चकाकवलेली असेल, तर तिच्या कडा बोथट झालेल्या दिसतात. तबकडी पुन्हा रंगवलेली असेल, तर अक्षरे भिंगाखाली फुगीर किंवा वाकडी दिसतात. एचएमटी ‘पायलट’च्या बाबतीत हा अनुभव नेहमीचा आहे. जुन्या यंत्रणेवर नव्याने छापलेल्या रंगीबेरंगी तबकड्या चढवून विकलेली कित्येक घड्याळे बाजारात फिरत आहेत. महागड्या घड्याळाचा व्यवहार ठरवण्यापूर्वी ते कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा जाणत्या घड्याळजीकडून उघडून तपासून घेण्याची अट घालावी. अस्सल माल विकणाऱ्याला या अटीचे वावडे नसते.

नकली घड्याळे आता बाहेरून हुबेहूब असतात. काहींच्या क्रोनोग्राफच्या छोट्या तबकड्या केवळ शोभेच्या असतात किंवा भलतेच काही दाखवतात. म्हणून प्रत्येक कळ दाबून, प्रत्येक काटा शून्यावर नेमका येतो का, हे पाहावे. छायाचित्रांवर विसंबून आगाऊ रक्कम पाठवणे हा फसवणुकीचा सर्वांत सोपा मार्ग आहे.

खरेदीनंतरचा खर्च

यांत्रिक घड्याळातील वंगण कालांतराने सुकते. काही वर्षांनी संपूर्ण यंत्रणा सुटी करून स्वच्छ करावी लागते आणि नवे वंगण घालावे लागते. साध्या घड्याळापेक्षा क्रोनोग्राफला हा खर्च बराच जास्त येतो. घड्याळ निवडतानाच सेवा केंद्रात या कामाचा दर, लागणारा कालावधी आणि घड्याळ देशाबाहेर पाठवले जाते का, हे विचारून ठेवावे. दहा वर्षांच्या वापराचा खर्च किमतीत मिळवला की दोन घड्याळांमधील तुलना पुष्कळदा बदलते.

तारीख बदलण्याबाबतही एक काळजी घ्यावी लागते. रात्री नऊ ते पहाटे तीन या दरम्यान अनेक यंत्रणांत तारखेची चाके एकमेकांत गुंतलेली असतात. त्या वेळी चावीने तारीख बदलल्यास दाते मोडू शकतात.

घड्याळ ही गुंतवणूक आहे, असे सांगणाऱ्या विक्रेत्यापासून सावध राहावे. वापरलेल्या घड्याळांच्या किमती २०२२ च्या आरंभी शिखरावर गेल्या आणि त्यानंतर घसरल्या. मोजक्या घड्याळांचा अपवाद सोडला, तर दालनाबाहेर पडताच मूल्य कमी होते. कर्ज काढून किंवा भविष्यासाठी ठेवलेली पुंजी मोडून घेण्याची ही वस्तू नाही.

खरेदीपूर्वी किमान दोन दालनांत दोन वेगवेगळ्या दिवशी जावे आणि निवडलेले घड्याळ दहा-पंधरा मिनिटे तरी हातावर ठेवावे. त्या अवधीत मनगटावरील भार, चावीची बोच आणि तबकडीची सुवाच्यता यांचा अंदाज येतो. त्यानंतर एकूण किंमत, कर, हमीची मुदत आणि देखभालीचा दर एका कागदावर मांडावा. मनगटावरील अनुभव आणि कागदावरील हिशेब यांचा मेळ बसला, तरच व्यवहार पक्का करावा. मेळ बसत नसेल, तर थांबण्यात काहीच नुकसान नाही, कारण ही घड्याळे पुढच्या वर्षीही दालनात असतील.